जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडावा की गाडीच फुंकून टाकावी? (अपडेट: उघडला!)

अजिंक्यतारा
मंडळी, धागा जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

दोन वर्षांपूर्वी २०१२ ची एक पेट्रोल सेडान घेतली, सेकंड हँड, २ लाख ४० हजारात. बाबांचे गुडघे गेलेत, क्लच दाबवत नाही, आणि गाडी चालवायची हौस काही जात नाही म्हणून ऑटोमॅटिकच पाहिजे होती. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही नाहीतर इथे ब्रँडवरून महाभारत सुरू होईल. चार स्पीडचा टॉर्क कन्व्हर्टरवाला (म्हणजे इंजिनची ताकद क्लचऐवजी तेलातून पुढे देणारा) बॉक्स आहे, ९४ हजार किमी झालेत.

आता त्रास. सकाळी गाडी थंड असताना रिव्हर्स टाकला की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, मग धप्प करून लागतो. हे चार महिने चालू आहे, मी म्हटलं म्हातारी झालीय, उठायला वेळ लागणारच. पण मागच्या रविवारी पुण्याहून येताना खंबाटकी चढताना दुसऱ्यातून तिसरा पडायच्या वेळी आरपीएम एकदम चार हजारावर आणि गाडी आहे तिथेच, जणू कुणी न्यूट्रल केली. मग लाईट लागला आणि पुढे सातारपर्यंत तिसऱ्याच गिअरमध्ये रडत रडत आली. बंद करून चालू केली की दहा मिनिटं बरी, परत तेच. स्कॅनर लावला तर पी०७३० हा कोड आला.

मोठ्या वर्कशॉपमध्ये विचारलं तर म्हणाले, आम्ही बॉक्स उघडत नाही, पूर्ण असेंब्ली बदलू, २ लाख ८० हजार. म्हणजे गाडीपेक्षा गिअरबॉक्स महाग. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. कुणी रीबिल्ड करून घेतलाय का? करावा का?

चहाबाज
विका. आजच. ऑनलाइन फोटो टाका, सकाळी गाडी गरम करून ठेवा, गिऱ्हाईक आलं की एक चक्कर मारून द्या, संपला विषय.

अजिंक्यतारा
@चहाबाज मला पण बहुतेक कुणीतरी अशीच गरम करून दिली होती हो :(

निवांत
माझ्या पण ऑटोमॅटिकला हाच प्रॉब्लेम, ६० हजार किमीला. क्लच प्लेट बदलली, १४ हजारात काम झालं. उगाच घाबरू नका.

तेलकट हात
@निवांत तुमची गाडी एएमटी असणार. ती मुळात मॅन्युअलच, तोच क्लच, तोच गिअरबॉक्स, फक्त पाय आणि हात मोटरचे. २०१४ ला सेलेरिओ आल्यापासून आपल्याकडे सगळे तिलाच ऑटोमॅटिक म्हणतात, म्हणा, पण त्या खर्चाचा अंदाज इथे चालणार नाही. टॉर्क कन्व्हर्टरच्या बॉक्समध्ये एक क्लच प्लेट नसते, क्लचचे चार-पाच पॅक असतात, प्रत्येकात एक आड एक घर्षणाच्या आणि लोखंडी प्लेटा, आणि त्यांना दाबणारं सगळं तेलाच्या प्रेशरवर चालतं.

धागाकर्ते, मी गिअरबॉक्सच्या कामात २२ वर्षं काढली, आता डोळ्यांमुळे बंद केलं. तुमच्या दोन तक्रारी आहेत. थंडीत उशिरा लागतो म्हणजे पिस्टनच्या रबर सीलच्या कडा कडक झाल्यात, थंड असताना तेल बाजूने निसटतं, गरम झाल्यावर रबर जरा नरम पडतं म्हणून दिवसभर बरं वाटतं. आणि चढावर दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये आरपीएम उडतो म्हणजे तिसऱ्याला जो पॅक धरायला पाहिजे तो धरत नाहीये. पी०७३० चा अर्थ इतकाच की कॉम्प्युटरने जो गिअर मागितला आणि आत जाणारा-बाहेर येणारा वेग यांचं गणित जुळत नाही. मग तो घाबरून तिसऱ्यात अडकवून ठेवतो, त्याला लिंप मोड म्हणतात, गाडी निदान घरी यावी म्हणून. कोडवरून बॉक्स उघडायचा निर्णय घेऊ नका.

आधी एक करा. इंजिन चालू, गाडी गरम, सपाट जागा, डिपस्टिक काढा आणि तेल पांढऱ्या कपड्यावर पुसा. रंग सांगा, वास सांगा. आणि तोवर गाडी चालवू नका. घसरणारी प्लेट दर किलोमीटरला जळते.

सोनचाफा
वाचतेय. आमच्याकडे पण ऑटोमॅटिक आहे आणि आम्हाला सांगितलं होतं की गिअरचं तेल लाईफटाइम असतं, बदलायचंच नसतं. खरं का?

तेलकट हात
@सोनचाफा लाईफ कुणाचं ते विचारलं का? :) साधारण ५०-६० हजार किमीला बदला, तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघून. फक्त हे लक्षात ठेवा की खालचा बोल्ट काढला की जेमतेम निम्मं तेल निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बसलेलं असतं. म्हणून थोडं चालवून परत बदलायचं, दोन-तीनदा. मशीन लावून जोरात फ्लश करण्यापेक्षा हे बरं.

अजिंक्यतारा
काका, पुसलं. मला वाटलं होतं लाल नाहीतर काळं असेल. फोटो चढत नाहीये म्हणून वर्णन करतो. गुलाबी आहे. गढूळ गुलाबी. थोडं बोल्टमधून बाटलीत काढलं तर आईने विचारलं सोलकढी कुठून आणलीस. वास जळका नाही फारसा, गोडूस आहे.

तेलकट हात
सोलकढी म्हणालात आणि पोटात गोळा आला.

तुमच्या गाडीत गिअरच्या तेलाचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच बसवलेला आहे. तेल त्यातून फिरतं, बाहेरून कूलंट. आतली नळी फुटली की दोन्ही एकमेकांत. गाडी चालू असताना तेल कूलंटमध्ये जातं, बंद केल्यावर तापलेल्या रेडिएटरचं प्रेशर कूलंट तेलात ढकलतं. तुमची कूलंटची बाटली उघडून बघा, कडेला तेलकट साय दिसेल.

घर्षणाच्या प्लेटांवरचं अस्तर कागदासारखं असतं आणि गोंदाने चिकटवलेलं असतं. कूलंटमधलं पाणी आणि ग्लायकोल त्या गोंदाचे वैरी. एकदा अस्तर सुटायला लागलं की तेल दहा वेळा बदला, परत चिकटत नाही. सॉरी, पण उघडावा लागणार. आणि आधी रेडिएटर. जुन्या रेडिएटरवर नवा बॉक्स बसवलात तर महिन्यात परत सोलकढी.

अजिंक्यतारा
बाटलीत साय आहे.
सरळ सांगतो, जेवण गेलं नाही काल. आता आठवतंय, गाडी घेतली तेव्हा पुढचा बंपर आणि रेडिएटर नवा दिसत होता, विकणारा म्हणाला बघा सगळं नवं टाकून देतोय. मी खूश झालो होतो. म्हणजे पुढून ठोकलेली असणार आणि स्वस्तातला रेडिएटर टाकून रंगरंगोटी केलेली.

पेठकर
गॅरेजला न्यायची असेल तर दोरी बांधून ओढू नका!! आमच्या मेव्हण्याने केलंय. इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंप बंद, आणि पुढची चाकं फिरतायत म्हणजे बॉक्सच्या आतलं सगळं कोरडं फिरतंय. फ्लॅटबेड बोलवा, हजार-दोन हजार जातील, जाऊ द्या.

एडिसनवाला
इकडे न्यू जर्सीत माझ्या जुन्या मिनीव्हॅनचा केला होता मागे. इकडे तीन पर्याय देतात, भंगारातून काढलेला, रीबिल्ड आणि रीमॅन्युफॅक्चर्ड. रीबिल्ड म्हणजे तुमचाच बॉक्स उघडून जे खराब ते बदलणं. रीमॅन म्हणजे कारखान्यात एकदम डझनावारी उघडून, नेहमी बिघडणारे भाग सरसकट बदलून, टेस्ट करून खोक्यात येतो, आणि तुमचा जुना बॉक्स परत द्यावा लागतो, नाही दिला तर कोअर चार्ज कापतात. साडेतीन हजार डॉलर गेले माझे, त्यात अर्ध्याहून जास्त मजुरी. तुमच्याकडे मजुरी स्वस्त आहे तर रीबिल्डच करा असं मी म्हणेन. आणि जमलं तर बाहेरून वेगळा कूलर बसवा, म्हणजे पाणी आणि तेल एका छपराखाली नांदायलाच नको.

पेठकर
भंगारातला बॉक्स पण स्वस्त पडेल की. कुर्ल्याला सीएसटी रोडवर ४५-५० हजारात मिळावा. एका दिवसात काढून घालून मोकळे.

निवांत
मी घेतलाय एकदा तिथून (मित्रासाठी). बाहेरून चकाचक, डिझेलने धुतलेला. "चेकिंग वॉरंटी" सात दिवस. बसवला आणि लक्षात आलं की तेच मॉडेल पण वायरिंगचा सॉकेट वेगळा. परत केला तर दुसरा दिला, तो बसला, अकरा महिने चालला. आतमध्ये काय आहे ते देणाऱ्यालाही माहीत नसतं हो.

तेलकट हात
+१ निवांतशी, पहिल्यांदाच :)
सेकंड हँड बॉक्स घ्यायचाच तर त्याच्यावरचा कोड बघून घ्या, एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक रेशो बदलतात. आणि त्यात सांगलीचा २०१९ चा पूर, चिपळूण-महाडचा २०२१ चा, पाण्याखालच्या किती गाड्या तुकड्या-तुकड्याने बाजारात फिरल्या असतील विचार करा. तुम्ही पाणी गेलेला बॉक्स काढून दुसरा पाणी गेलेला बसवायचात.

चहाबाज
मी अजूनही म्हणतो विका. २०१२ ची गाडी, २०२७ ला पंधरा वर्षं होणार, मग आरटीओत फिटनेस, पर्यावरण कर, रजिस्ट्रेशन वाढवा. तिच्यात लाखभर घालताय कशाला? बाजारात लाख परत मिळणारेत का?

अजिंक्यतारा
@चहाबाज तुमचं गणित बरोबर आहे, भांडत नाही. पण आज अशा बॉक्ससकट विकली तर भंगारच्या भावात ८० हजार येतील, म्हणजे माझे एक लाख साठ हजार बुडाले. आणि त्यात भर घालून दुसरी जुनी ऑटोमॅटिक घेतली तर तिच्या पोटात काय आहे ते परत मला माहीत नसणार. हिच्या पोटातलं निदान बघायला मिळेल. इंजिन ठणठणीत आहे, पत्रा गंजलेला नाही. आणि बाबा रोज विचारतात गाडी कधी येणार.

पुण्यात एक मिस्त्री मिळाले, फक्त ऑटो बॉक्सच करतात, सगळे त्यांना चाचा म्हणतात. मजुरी २२ हजार, सामान लागेल तसं, आणि अट घातली की मी समोर बसून बघणार. म्हणाले बसा, पण मध्ये बोलू नका.

सोनचाफा
पुभाप्र! (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत)

अजिंक्यतारा
अपडेट. दोन आठवडे झाले, आज जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या दिवशी बॉक्स उतरवला. त्याआधी चाचांनी रेडिएटर काढला, कूलरच्या एका तोंडाला बूच मारलं, दुसऱ्यातून हवा दिली आणि अख्खा पाण्याच्या टाकीत बुडवला. बुडबुडे, पंक्चरवाल्याकडे येतात तसे. मला म्हणाले, "ये देखो आपका असली चोर." ते हिंदी-मराठी मिसळून बोलतात.

मग बॉक्सचा खालचा पॅन उघडला. पॅनमध्ये दोन लोहचुंबक असतात. त्यावर राखाडी लोणी बसलेलं होतं, चाचा म्हणाले एवढं सगळ्यांच्याच निघतं, बोटाला टोचणारे पत्र्याचे तुकडे निघाले असते तर गिअर गेले असं समजायचं. तुकडे नव्हते. तेवढ्यानेच माझा जीव भांड्यात पडला. ग्रहमालेसारखे ते मधला सूर्य, भोवती फिरणारे छोटे गिअर आणि बाहेरची रिंग, सगळं धुतल्यावर एकदम नव्यासारखं. मॅन्युअल गाडीसारखी दातेरी कडी सरकवून गिअर अडकवायची भानगडच नाही, सगळे कायम गुंतलेलेच, फक्त कुणाला धरायचं नि कुणाला सोडायचं एवढ्यावर गिअर बदलतात, हे मला पन्नाशीत पहिल्यांदा कळलं.

क्लच पॅक उघडले आणि काका तुमची आठवण आली. तिसऱ्याच्या पॅकमधली प्लेट चाचांनी नखाने खरवडली तर अस्तर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं निघून आलं. लोखंडी प्लेटा निळ्या पडलेल्या, तव्यासारख्या. सीलची रबरं इतकी कडक की वाकवल्यावर तडा गेला.

व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे तेल कुठल्या पॅकला पाठवायचं ते ठरवणारा अ‍ॅल्युमिनियमचा वारुळासारखा ठोकळा, आत नुसत्या नाल्याच नाल्या, आणि त्या नाल्यांत मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या लोखंडी गोळ्या. कुठली गोळी कुठल्या खड्ड्यात हे चुकलं की संपलं. चाचा मान्य करत नव्हते पण मी प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढले, आणि जोडताना एकदा त्यांनीच विचारलं, "वो तिसरावाला फोटो दिखाओ."

सामान दिल्लीहून मागवलं, नऊ दिवस लागले. सगळ्या घर्षण प्लेटा, लोखंडी प्लेटा, सील-गॅस्केटचा पूर्ण किट, फिल्टर, पंपाचा सील. सोलेनॉइड (तेलाच्या वाटा उघडणारे-बंद करणारे विजेचे व्हॉल्व्ह) मल्टिमीटरने तपासले, एकाचं माप बाकीच्यांशी जुळेना, तेवढा बदलला. टॉर्क कन्व्हर्टर मुंबईला पाठवला, तो लेथवर कापून, आतली चिखलधूळ काढून, लॉकअपचं (त्याच्या आतल्या क्लचचं) अस्तर नवं लावून, वेल्डिंग आणि बॅलन्स करून आला. मला आधी वाटलं होतं हा खर्च वाचवता येईल, चाचा म्हणाले त्यात पण तुमचीच सोलकढी भरलीय (मी त्यांना तो शब्द शिकवला).

तेलकट हात
छान चाललंय. प्लेटा भिजवल्या का?

अजिंक्यतारा
हो हो, ते राहिलंच. नव्या प्लेटा रात्रभर तेलात भिजत घातल्या, उसळीला मटकी घालतात तशा. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच फेरीत जळतात म्हणे. आणि एक गंमत, बारक्या गोळ्या आणि वॉशर जागेवर चिकटून राहावेत म्हणून ग्रीस नाही, व्हॅसलीन लावलं. ग्रीस विरघळत नाही, गुठळी होऊन नाली तुंबते, व्हॅसलीन गरम तेलात विरून जातं. पुसायला कॉटन वेस्ट पण चालत नाही, धागे सुटतात.

प्रत्येक पॅक भरल्यावर फीलर गेज घालून फट मोजली, एका ठिकाणी जास्त आली तर जाड रिंग घालून परत मोजली. मग कंप्रेसरची हवा त्या त्या भोकात दिली की आतला पिस्टन "टप्प" करून बसतो. चार ठिकाणी टप्प आलं, एका ठिकाणी नुसतं फुस्स. चाचांनी एक शब्द न बोलता तो ड्रम परत उघडला. सीलची कड मुडपली होती. रात्रीचे साडेआठ झाले होते, त्यांनी दुसऱ्या दिवसावर ढकललं नाही हे मला फार आवडलं.

पेठकर
आदर! वाखुसा (वाचनखूण साठवली).
बसवताना एक बघा, कन्व्हर्टर पंपात पूर्ण आत बसला पाहिजे. आमच्याकडे एकाने तो अर्धवट बसलेला असतानाच बॉक्स इंजिनला लावून बोल्टाने ओढून घेतला, पंप फुटला, सगळं परत.

तेलकट हात
बरोबर. हाताने फिरवत ढकलत राहायचं, दोन-तीनदा खट्ट होऊन आत जातो. बॉक्स इंजिनला टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे. नाही फिरला तर बोल्टला हात लावायचा नाही. आणि कूलरच्या पाईपलाईन धुतल्याशिवाय जोडू नका, जुना कचरा सगळा तिथे लपलेला असतो.

अजिंक्यतारा
पाईप धुतले, रेडिएटर नवा (या वेळी चांगला), आणि एडिसनवाल्यांचं ऐकून बाहेरचा छोटा कूलर पण लावला. पुस्तकात लिहिलेलंच तेल, एसपी-थ्री, सात लिटरच्या आसपास गेलं, वर धुण्यासाठी दोन लिटर.

पण मंडळी, आनंद अर्धाच. काल गाडी ताब्यात घेतली. घसरत नाही, पण रिव्हर्सला मागून कुणी लाथ घातल्यासारखा धक्का, आणि पहिल्यातून दुसऱ्यात जाताना पण. बाबा म्हणाले पूर्वीचीच बरी होती. ९० हजार घालून हे ऐकायचं म्हणजे... चाचा म्हणतात चालवा, बसेल आपोआप. मला वाटतंय काहीतरी चुकलंय त्यांचं.

चहाबाज
मी काही बोलत नाही.

तेलकट हात
थांबा, चाचांवर लगेच खार खाऊ नका. स्कॅनरने अ‍ॅडॅप्टेशन रीसेट केलं का? गिअरचा कॉम्प्युटर जुन्या झिजलेल्या प्लेटांना सांभाळत सांभाळत शिकत आलेला असतो, घसरतायत म्हणून प्रेशर वाढव, अजून वाढव. आता प्लेटा नव्या आहेत आणि तो अजून जुन्या सवयीने दाबतोय. आपोआप विसरतो पण वेळ लागतो. रीसेट करा, मग अर्धा तास हलक्या पायाने चालवा, सगळे गिअर वर-खाली होतील असं, मध्ये पूर्ण थांबून. आणि तेलाची पातळी गरम गाडीत परत बघा, वर्कशॉपमध्ये बहुतेकदा थंडच मोजतात.

अजिंक्यतारा
काका, साष्टांग दंडवत. पातळी पाऊण लिटर कमी होती, आणि रीसेट कुणी केलाच नव्हता, चाचांकडे तो स्कॅनरच नाही, शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडे आहे. दोन्ही केलं. बायपासवर पाऊण तास फिरवली. दुसरा पडलेला कळत नाही आता. काल सकाळी थंड गाडीत रिव्हर्स टाकला तर मी आकडे मोजायला तोंड उघडायच्या आत लागला.

सोनचाफा
एकूण किती आला शेवटी? नवऱ्याला दाखवायचंय.

अजिंक्यतारा
मजुरी २२, प्लेटा-सील किट ३१, कन्व्हर्टर १४ (कुरिअर धरून), सोलेनॉइड ५, रेडिएटर आणि बाहेरचा कूलर १२, तेल साडेसहा, फ्लॅटबेड दोन फेऱ्या मिळून ४. हजारात. साडेचौऱ्याण्णव. चाचांच्या पोराला दिलेला चहापाण्याचा हिशोब धरला नाही.

एडिसनवाला
आणि खंबाटकी?

अजिंक्यतारा
परवा गेलो. बाबा स्वतः चालवत होते, मी शेजारी, माझे डोळे आरपीएमच्या काट्यावर. तिसरा पडला, काटा खाली आला, गाडी पुढे गेली. तेवढ्यात मागून खडखड खडखड आवाज सुरू झाला, माझ्या पोटात खड्डा, बाबांना थांबवलं, गाडीखाली वाकलो, चाचांना फोन लावला. डिकीत स्टेपनीचा जॅक बांधायचा राहिला होता.